तिसऱ्याचे उपकार

"तिसरा गेला गं! तिसरा गेला!"

एकतीस वर्षांपूर्वीची ती हाक माईच्या कानात अजून जशीच्या तशी होती. पहाटेचं धुकं. वळणाआड दिसेनासा झालेला ट्रक दुसऱ्या गिअरवर कण्हत परत फिरला होता, आणि अण्णा खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडत होते. दारात माई, कुशीत दोन महिन्यांची चिमी.

आज तोच ट्रक अंगणात ठोकळ्यांवर चढला होता आणि त्याच्या पोटाखालून मिस्त्रीचे फक्त पाय दिसत होते.

"दोन्ही शाफ्ट सुटले," पाय बोलले. "आता जॅक हळूहळू खाली घे, चिमी. हळू! लेकरू उतरवतेयस असं समज."

"लेकरू कसलं, आजोबा आहे हा," चिमी म्हणाली. चारी चाकांनी ओढणारा हा म्हातारा ट्रक आता तीच चालवायची. वरच्या वस्त्यांवर गॅसच्या टाक्या पोचवायची. गेल्या महिन्यात ऐन चढावर पहिला गिअर आपोआप सुटला आणि ट्रक मागे घरंगळत दरीच्या कठड्याला जाऊन टेकला. तेव्हा कुठे अण्णा गिअरबॉक्स बदलायला तयार झाले. त्याआधी मिस्त्रीने दहा वेळा विचारलं असेल. उत्तर ठरलेलं, "तिसऱ्यावाचून माझं काही अडत नाही."

अडत नव्हतं हे खरंच. अख्खं घर दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर जायचं. चिमी तशीच शिकली. लहानपणी एकदा तिचा हात चुकून तिसऱ्याकडे वळला, तर अण्णा कडाडले होते, "मोडक्याला हात लावलास तर गिअरची पेटी फुटेल!" जन्मात तेवढं एकदाच ते लेकीवर ओरडले.

"या घरात जिना चढतानासुद्धा तिसरी पायरी गाळतात काय हो?" मिस्त्री खालून खिदळला.

अण्णा हसले नाहीत. ते उपड्या बादलीवर बसून नव्या क्लच प्लेटवरची नसलेली धूळ पुसत होते.

गिअरबॉक्स जमिनीवर टेकला. काळा, तेलकट, वाटला होता त्याहून लहान. माईने जवळ जाऊन त्याच्यावरून पदर फिरवला.

"माई, लुगडं खराब होईल," मिस्त्री म्हणाला.

"होऊ दे. याचे फार उपकार आहेत माझ्यावर."

तिने चिमीला झोपवायला रचलेल्या ओळीच होत्या तशा:

*पहिल्याने चढ चढे, दुसऱ्याने वळे घाट,*
*तिसरा मोडला बाई, बापाने धरली घराची वाट.*

त्या पहाटे थोरल्या दिरांचे पाच ट्रक पुढे गेले होते. दूरच्या धरणाचं सहा वर्षांचं काम, आणि अण्णांनी थोरल्या भावाला शब्द दिलेला. माईनेच त्यांची ट्रंक भरली होती. डोळ्यांतलं पाणी आतल्या आत गिळून म्हणाली होती, "जा. आम्ही राहू." थांबा म्हणायची तिची छाती झाली नव्हती. मग गिअर मोडला, मोडक्या पेटीवर धरणाची ओझी झेपणार नाहीत म्हणून ताफा त्यांच्याविना पुढे निघून गेला, आणि चिमीचं पहिलं पाऊल बापाच्या डोळ्यांदेखत पडलं. अंगणातलं लिंबाचं झाड, वाढवलेली खोली, आजारपणातली जागरणं, हे सगळं माईने त्या एका गिअरच्या नावावर मांडलं होतं. फक्त एक काटा तेवढा रुतून होता. माणूस राहिला, पण नाइलाजाने राहिला.

थोरले दीर गेल्या वर्षी वारले. आज ही पेटीही चालली. आत्ता नाही विचारलं तर कधीच नाही.

"अहो," ती म्हणाली, "हा धड असता तर गेला असतात ना?"

"चिमी, सतराचा पाना बघ गं कुठं गेला," अण्णा म्हणाले.

पाना त्यांच्याच मांडीवर होता.

भंगारातल्या अशाच दुसऱ्या ट्रकचा गिअरबॉक्स दुपारपर्यंत बसला. चिमीने ट्रक अंगणाबाहेर काढला, पहिला, दुसरा टाकला, आणि सवयीने चौथ्याकडे गेलेला हात थांबवून तिसरा टाकला. इंजिनाचा सूर एकदम सैलावला. "आई गं, किती सोपंय हे!" ती वळणावरून ओरडली.

"जुना तसाच भंगारात दे," अण्णा मिस्त्रीला म्हणाले. "उघडत बसू नकोस. आत तुकडे असतील, हात कापशील."

"वा! यातला चौथा उद्या कुणाला तरी कामी येईल की." मिस्त्रीने तोवर झाकण सैल केलंसुद्धा होतं.

माई चहा घेऊन आली तेव्हा तो रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने गिअरांचे दात पुसत होता. पुसता पुसता थांबला. बोटाने दात मोजले. पुन्हा मोजले. मग दांडा धरून पुढे ढकलला. खट्. अलगद बसला.

"पहिला पार झिजलाय," तो म्हणाला. "चौथाही खाल्लाय. पण अण्णा, तिसऱ्याचा एक दात मोडलेला नाही. नवाकोरा आहे हो हा. हा गेला कधी होता?"

माई वळून अण्णांकडे पाहू लागली.

अण्णा बादलीवरून उठले. माईच्या हातातला चहा त्यांनी काढून घेतला, खाली ठेवला.

"थोरल्याला शब्द दिला होता. आणि तूही कोरड्या डोळ्यांनी जा म्हणालीस. मग थांबायला मला काहीतरी मोडलेलं हवं होतं," ते म्हणाले. "वळणावर आरशात तू दिसलीस गं, आणि तिसरा टाकायला माझा हातच उचलेना."