खालचा कप्पा

"ही आमची खोली, दादा. गाडीतलीच हं," यशश्रीनं फोन उपेंद्रांच्या चष्म्यासमोर धरला.

"आणि हा पलंग?"

"दिवसा सोफा. संध्याकाळी आपण जेवायला गेलो की माणूस येऊन पलंग करून जातो. उशीवर चॉकलेट ठेवतो."

"आंघोळीचं काय?"

"खोलीतच. गरम पाण्यानं."

उपेंद्र हरखून "पुढचा दाखव, पुढचा" म्हणत होते. यात्रेकरूंची पूजा सांगण्यात सगळा जन्म गेलेला हा माणूस गोदावरीबाईंनी इतका उत्सुक झालेला फार वर्षांत पाहिला नव्हता. त्या समोर बसून टेबलावरच्या स्टीलच्या डब्याकडे बघत होत्या. डबा त्यांचाच. झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. धाकटी जाऊ यशश्री मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाली, तिथून त्याच्याबरोबर त्या मोठ्या आगगाडीनं सिडनीहून पर्थला जाणार म्हणाली, तेव्हा त्यांनीच तो भरून दिला होता. आज तो परत आला होता.

"खिडकी उघडते का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही वहिनी. काच पक्की बसवलेली."

"म्हणजे वारा लागत नाही."

"एसी असतो ना."

"एसी घरीही आहे."

यशश्री हसली. उपेंद्र हसले नाहीत. ते फोनमधली लाल माती बघत होते.

"बाहेर दिसतं काय?" गोदावरीबाईंनी पुन्हा विचारलं.

"सपाट माळ. एक अख्खा दिवस झाड नाही, घर नाही, माणूस नाही."

"एवढ्या लांब जाऊन बघायला काहीच नाही म्हण की."

"हो ना." यशश्री म्हणाली, "पण वहिनी, ते काहीच नाही ना, तेच मी दिवसभर बघत बसले. हातात काही काम नाही, कुणाची हाक नाही. उठावंसंच वाटेना."

गोदावरीबाईंनी पदर सारखा केला. पलंग, गरम पाणी, चॉकलेट, सगळं त्यांनी निभावून नेलं होतं. हे मात्र लागलं.

"पुऱ्या खाल्ल्यास का?" त्यांनी विषय बदलला.

"अहो, पहिल्याच संध्याकाळी संपल्या. शेजारच्या खोलीतल्या बाई तर कशा करतात म्हणून विचारत होत्या."

गोदावरीबाईंचा चेहरा जरा सैल झाला. तिखटमिठाच्या पुऱ्या हे त्यांचंच काम. पंचवटीतल्या या घरी बिकानेरची माणसं यायची, दरभंग्याची यायची. गोदेवरचे विधी आटोपून परत निघाली की गोदावरीबाई त्यांच्या हाती वाटेसाठी पुऱ्यांचा पुडा द्यायच्या. त्यांच्या पुऱ्या नाशिकरोडहून चारी दिशांना गेल्या होत्या. त्या स्वतः नाशिकरोडपर्यंत गेल्या होत्या, पाहुण्यांना पोचवायला.

"आपणही जाऊ की," उपेंद्र फोन परत देत म्हणाले. "एकदा सिंहस्थ होऊ दे."

खाली गल्लीत त्याच सिंहस्थासाठी रस्ता खोदत होते. मशीनचा आवाज घरात येत होता. गोदावरीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या नव्या नवरी होत्या आणि त्यांनी बॅग कुठली घ्यायची याचाही विचार केला होता. बारा वर्षांनी ते वाक्य पुन्हा नवं व्हायचं.

"चहा टाकते," म्हणून त्या डबा घेऊन आत गेल्या.

चहा गॅसवर ठेवून त्यांनी डबा उघडला. वरच्या ताटलीत चटणी दिली होती. ती ताटली धुऊन पुसून तिच्यात सोनेरी कागदाची चॉकलेटं भरलेली होती. डबा रिकामा परत करायचा नाही, हे यशश्रीनं पाळलं होतं. गोदावरीबाईंनी ताटली उचलली.

खाली पुऱ्या होत्या. वर त्यांनीच घातलेला कागद, त्यांनीच दुमडलेला कोपरा. एकही पुरी हलली नव्हती.

बाहेर यशश्री गाडीतल्या जेवणाचं सांगत होती. पांढरे टेबलक्लॉथ, मासे, तीन तऱ्हांचे गोड पदार्थ. गोदावरीबाईंच्या तोंडाशी हाक आली होती. ती त्यांनी गिळली. एक पुरी काढून मोडून पाहिली. कडक होती. ओव्याचा वास होता, त्यामागे जुन्या तेलाचाही थोडा. त्यांनी उरलेला तुकडा उलटासुलटा करून न्याहाळला. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत सगळा देश ओलांडून आली होती ही. बॅगेत बसून का होईना.

चहा उतू जायला लागला तेव्हा त्यांनी गॅस बंद केला.

त्यांनी कप मांडले आणि मधोमध पुऱ्यांची बशी ठेवली. यशश्री बोलता बोलता थांबली. तिनं बशीकडे पाहिलं, मग डब्याची आठवण झाल्यासारखं स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"वहिनी, मी..."

"घे गं. चहाबरोबर बऱ्या लागतात."

उपेंद्रांनी तोवर एक उचलून चहात बुडवली होती.

"मस्त झाल्यात. आज केल्यास?"

"नाही. यशश्रीबरोबर जाऊन आल्यात. सिडनी ते पर्थ."

उपेंद्र हसले. मग त्यांनी दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांचं हसणं थांबलं. "काहीतरीच काय."

"खरंच," गोदावरीबाई म्हणाल्या. "सिंहस्थासाठी थांबल्या नाहीत."

त्यांनी खुर्ची उचलली आणि खिडकीकडे तोंड करून ठेवली. मग एक पुरी घेऊन तिथं बसल्या आणि बाहेर बघत सावकाश खाऊ लागल्या. खाली खणलेल्या रस्त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"अगं, माझ्या चहात साखर नाही," उपेंद्र म्हणाले.

त्या उठल्या नाहीत.