एकेचाळिसावा टेक

थोर दिग्दर्शकाने हौदातल्या एकाच दृश्याचे एकेचाळीस टेक घेतले. शेवटच्यात नायिका बुडाली. समीक्षकांनी याला साधना म्हटले. नायिकेची धाकटी बहीण आता त्या साधनेचा पंचनामा करणारा माहितीपट काढत होती. तो शेवटचा टेक हाच तिचा पुरावा.

सोमवारी क्लॅपच्या पाटीवर एकेचाळीस होते. आज सत्तेचाळीस.

"बाई, सोमवारी वाचताना चुकलो असू," संकलक म्हणाला. "तेव्हापासून सहाच वेळा तर चालवलाय."

तिने मनात बेरीज केली.

"पुरावा पक्का हवा. पुन्हा लाव."

अठ्ठेचाळीस. हौदाच्या काठाला धरून ताईने मान वर केली आणि काळेनिळे ओठ हलवत थेट पडद्याबाहेर पाहिले.

"अजून किती वेळा, छोटे?"