गळावरचं साल

"जाळी! लायल, जाळी घाल!" एमेट ओरडला. त्याच्या गळाची काठी पार कमानीसारखी वाकली होती. लायलनं धक्क्यावर पालथं पडून जाळी घातली आणि शॅड मासळी वर ओढली. दोन किलोंची, गाभोळीनं टम्म फुगलेली मादी.

"विनी, तव्यात लोणी टाक गं. थेरड्याला एकदाची मासळी गावली!" लायल म्हणाला.

विनी हसली. नवऱ्याला, ऑर्विलला, पुरल्यापासून पहिल्यांदाच. म्हणून तर दोघा मित्रांनी तिला आज हट्टानं धक्क्यावर आणलं होतं. गेल्या वर्षी ऑक्टोबरात ऑर्विलची होडी डेलावेअर नदीत रिकामी सापडली होती. तीन आठवड्यांनी खाली वाळूवर प्रेत लागलं. तोंड ओळखण्यासारखं उरलं नव्हतं. ओळख पटवायला एमेट गेला. अंगात ऑर्विलचा कोट, कॉलरला त्यानंच रंगवलेले, शिशाच्या डोक्याचे गळ टोचलेले. आणखी काय बघायचं? त्यानं सही करून टाकली.

आता गळ सोडवायला त्यानं माशाचा जबडा उघडला. आत आणखी एक गळ रुतला होता, तुटक्या दोऱ्यासकट. डोकं पिवळंधमक, मानेवर तांबडा पट्टा.

"ऑर्विलचा!" लायल म्हणाला. "बघा, मेला तरी आपल्याआधी मासा लावतोय."

"दे इकडे," विनीनं हात पुढे केला. "जपून ठेवते."

एमेटनं दोन्ही गळ सोडवले, पण ऑर्विलचा देईना. ऑर्विल मागाल तर दात उपटून देईल, पण गळ देणार नाही, असा चिकट. दर वर्षी नवे ओतायचा. जानेवारी लागायच्या आधी नव्या सालाचं शिसं वितळवलं तर अपशकुन, म्हणायचा. आणि प्रत्येक गळाच्या पोटावर खिळ्यानं साल कोरायचा. एमेटनं अंगठ्यानं चिकटा पुसला.

साल यंदाचं होतं.

त्याच्या हातातला मासा सुटला, फळ्यांवर दोनदा आपटला आणि पाण्यात गेला. कुणी बघितलंसुद्धा नाही.

"जिवंत आहे हरामखोर!" लायलचा आवाज चिरकला. "होडी सोडली, कोट काठावर फेकला आणि पळाला! कुणा गारठलेल्या बिचाऱ्यानं उचलून अंगात घातला असणार, आणि तोच बुडाला. आणि आपण इथं याच्या नावानं गळे काढतोय!"

एमेट मटकन खालीच बसला. "विनी, चूक माझी गं. मी कोट बघितला, माणूस बघितलाच नाही."

विनीनं गळ घेतला. साल वाचलं. पुन्हा वाचलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. आता ही किंचाळणार, असं दोघांना वाटलं.

"तो गेला चुलीत," ती म्हणाली. "ऊठ एमेट, पोलिसांकडे चल. आपण ज्याला पुरलंय त्याच्या घरी कुणीतरी अजून रोज दारातला दिवा चालू ठेवत असेल."