खरखरीवरचा फिल्टर

बायको सुनंदा गेल्याचं दत्तोबा चौगुलेला तिच्या गाडीने नाही, पेट्रोल पंपावरच्या माणसाने कळवलं. खरं तर स्टिअरिंग धरणाऱ्याच्या काळजाचे ठोके इंजिनचा कॉम्प्युटर नोंदवायचा आणि ठोका चुकला की स्वतःच दवाखान्याला फोन लावायचा. त्या दिवशी त्याने लावला नाही.

तेराव्यानंतर दत्तोबाने आपल्या गॅरेजमध्ये तिच्या गाडीतल्या त्या नोंदी उघडल्या. शेजारी त्याचं जुनं गिऱ्हाईक रियाज मुजावर वाकून बघत होता.

"शेवटपर्यंत ठोके अगदी सरळ दिसतायत की. मग वहिनी गेल्या कशा?"

दत्तोबाने स्टिअरिंगखालचा फिल्टर काढून हातात धरला. ठोक्यांची वायर स्पार्क प्लगच्या वायरीजवळून जाते, त्यामुळे नोंदीत खरखर उठायची आणि कॉम्प्युटर उगाच दवाखान्याला फोन लावायचा. लोक वैतागायचे. वायर लांबून न्यायची तर डॅशबोर्ड उतरवावा लागे, त्यात अर्धा दिवस जाई. म्हणून त्याने गाड्यांत हा फिल्टर बसवायला सुरुवात केली होती. वेडावाकडा प्रत्येक ठोका खरखर समजून तो पुसून टाकी.

"माझ्या गाडीतपण हाच आहे ना रे?" रियाजने विचारलं. "वर म्हणालास, आता कटकट मिटली."

"चावी दे."

"अरे, मला दुपारी निपाणीला जायचंय."

"एसटीनं जा. चावी दे."

संध्याकाळपर्यंत रियाजची वायर लांबून गेली. मग दत्तोबा फोन घेऊन बसला. एकेचाळीस गाड्यांत तो फिल्टर आहे. आतापर्यंत सहा जणांना फोन लागला. बाकीच्यांना अजून सांगायचं आहे.