सहकाऱ्याची पडताळणी

भिंतीवरच्या पडद्यावर दोन पट्ट्या होत्या. एक हिरवी, लांबलचक, पार कडेला टेकलेली. दुसरी लाल, जेमतेम बोटभर. हिरवी जावयाची होती, लाल सासऱ्याची.

दोघेही दुरुस्ती विभागात फिटर. खुर्चीला खुर्ची लावून बसले होते. टेबलापलीकडे मॅनेजर आणि त्याच्यापुढे लॅपटॉप. विभागात यापुढे एकच माणूस ठेवायचा होता आणि तो कोण, हे मॅनेजरला ठरवायचं नव्हतं. पडद्याने ते सकाळीच ठरवलं होतं. मॅनेजरकडे फक्त मान डोलावण्याचं काम उरलं होतं आणि ते तो अगदी मनापासून करत होता.

"मास्तर, मी माझ्या पदरचं काही बोलत नाहीये," तो सासऱ्याला म्हणाला. "पूर्वी साहेबाच्या मर्जीवर चालायचं. आता सगळं पारदर्शक. मशीन बंद पडलं, तुम्ही दुरुस्त केलं, टॅबवर आपला नंबर दाबला की इथे पट्टी वाढते. सहा महिन्यांत जावयांच्या दोनशे चौदा दुरुस्त्या. तुमच्या एकोणीस."

मास्तर हिरव्या पट्टीकडे बघत राहिले. त्या दोनशे चौदांपैकी दोनशे तरी त्यांच्या हातच्या होत्या. मशीन चालतं करायचं, हात पुसायचे आणि जावयाचा नंबर दाबायचा, एकशे बारा. पहिल्याच महिन्यात जावयाची पट्टी लाल झाली आणि लेक घरी येऊन रडली, तेव्हापासून हे चालू होतं. जावई शेजारी टॉर्च धरून उभा असायचा. पुष्कळदा टॉर्चचा उजेडही भलतीकडेच असायचा.

आता हे बोलायची सोय नव्हती. खोटी नोंद सापडली तर ती करणारा आणि जिच्यावर ज्याचा नंबर असेल तो, दोघेही घरी, असा नियम होता. आणि लेकीचे दिवस भरत आले होते.

"एकच चौकट राहिलीय," मॅनेजर म्हणाला. "सहकाऱ्याची पडताळणी. प्रोसेसच आहे तशी, संबंधित माणसाच्या समोरच करावी लागते. तुम्ही घरातले, जरा अवघड वाटेल. पण आकड्यांना काही नातंगोतं नसतं." तो जावयाकडे वळला. "मास्तरांचे हे आकडे बरोबर आहेत?"

जावयाने मान खाली घातली. ते पाहून मास्तरांना बरं वाटलं. निदान लाज तरी आहे. हो म्हणून टाका आणि मोकळे व्हा, असं ते मनातल्या मनात त्याला सांगत होते.

"बरोबर आहेत," जावई म्हणाला.

"कारण? इतक्या कमी कशा?"

इथे तो गप्प बसला असता तरी चाललं असतं. चौकट रिकामी सोडता येत होती, तसं पडद्यावर ठळक लिहिलं होतं. पण सहा महिने शाबासकी खाऊन त्याला तिची चटक लागली होती. त्याने घसा साफ केला.

"वय झालंय त्यांचं, सर. नजर काम देत नाही. बऱ्याचदा मीच सांभाळून घेतो. घरचं माणूस म्हणून कधी बोललो नाही."

मॅनेजरने जसंच्या तसं टाइप केलं. 'सांभाळून घेतो' लिहिताना तर त्याला जरा भरूनही आलं.

नोकरी जाणार, हे मास्तरांनी सकाळीच गिळलं होतं. हे गिळता येईना.

"तुम्हालाही एक चौकट आहे, मास्तर. काही म्हणायचंय?"

"नाही," मास्तर म्हणाले. "ते म्हणतात तसंच आहे."

मॅनेजरने बटण दाबलं. लाल पट्टी गेली. हिरवी एकटीच राहिली आणि होती त्याहून लांब दिसायला लागली.

तेवढ्यात खालून भोंगा वाजला. खोकी चिकटवणारं तीन नंबरचं मशीन अडलं होतं. आठवड्यातून दोनदा तरी ते अडायचंच.

"पळा," मॅनेजर जावयाला हसत म्हणाला. "आता तुमचंच राज्य."

जिन्यात जावयाने मास्तरांची बाही धरली.

"मामा, तीनला काय करायचं असतं?"

मास्तरांनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. मग पुढे होऊन जिना उतरले. खाली मशीनभोवती दहाबारा बाया हात बांधून उभ्या होत्या.

"टॉर्च?" मास्तरांनी विचारलं.

"वर राहिली."

मास्तर गुडघ्यावर बसले. पट्ट्याखालच्या अंधारात खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी बोटांनीच स्प्रिंग शोधली आणि जागेवर बसवली. मग उठले, हात पुसले आणि टॅबकडे गेले. नंबर दाबल्याशिवाय मशीन पुन्हा चालू होत नसे.

आज त्यांनी स्वतःचा नंबर दाबला. नऊ.

हा नंबर बंद आहे, असं टॅबवर आलं.

त्यांनी पुन्हा नऊ दाबला. पुन्हा तेच आलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. भोंगा वाजतच होता. मास्तरांचं बोट तिसऱ्यांदा त्याच आकड्याकडे गेलं.

तेव्हा जावई पुढे झाला. त्याने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना अलगद बाजूला केलं.

"सरा मामा, मी दाबतो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुम्हाला नीट दिसत नाही."