बनुबाईचं मत

बनुबाईचं नाव मतदारांच्या यादीत निघालं तेव्हा ती शेणी थापत होती. शेजारचा तात्याबा पळत आला आणि धापा टाकत म्हणाला, "वैनी, हात धुवा. सरकारनं तुमास्नी मत दिलंय."

"कशापायी?" बनुबाई म्हणाली. "मी कुटं मागितलं?"

प्रश्न रास्त होता. इंग्रजी अमलात मत सगळ्यांना नसायचं; साडेतीनशे वस्तीच्या वाडीत ते होतं अकराजणांना, आणि ते अकराही शेतसारा भरणारे बाप्ये. पाटलीणबाई शालूबाई चौथी शिकलेल्या, आणि वाचता येणाऱ्या बाईला अर्ज केला तर मत मिळायचं, पण त्यांचा मताचा अर्ज पाटलाच्या कोटाच्या खिशात राहिला आणि कोट परटाकडं गेला. आणि मिळालं कुणाला, तर अंगठेबहाद्दर बनुबाईला. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मागं आठ गुंठे माळ आणि एक शेळी.

चावडीत तीन दिवस खल झाला. यादीत तिच्या नावापुढं नुसता एक आकडा होता. त्या आकड्याचा अर्थ नानासो पाटलाला ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नाही असं सांगायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, "सरकार मानूस बघून देतं." कुणी म्हणालं, प्रांतसाहेबाला तिच्या हातचं पिठलं आवडलं असणार. तात्याबाच्या मते सरकार तिच्या तोंडाला भ्यालं होतं. शेवटी, कारण काही असो, मान वाडीचाच, असं ठरलं आणि गूळ वाटला. त्यात अर्धा शेर बनुबाईनं पदरचा घातला.

तिला एवढंच कळत होतं की सरकारनं आजवर तिला काही विचारलं नव्हतं. पोरगं नेलं तेव्हाही नाही. अर्जुना लोणंदच्या बाजारात बैल बघायला गेला आणि फौजेत भरती होऊन आला. त्याचं शेवटचं पत्र इटलीतून आलं, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. लढाई संपली, दिवाळी गेली, संक्रांत गेली. फौजेतून सुटून आलेला बाळासो सांगायचा, "आगबोटी कमी हायत, काकी. नंबर लागंल तसं सोडत्यात." आणि पत्राचं तर नावच नको. वाडीचं टपाल हटकून नदीपलीकडच्या दुसऱ्याच वाडीला जायचं.

आता सरकारनं विचारलंय, तर आपणही विचारायचं, असं बनुबाईनं ठरवलं. जो अर्जुनाला आणील, त्याला मत.

उमेदवारांत पहिल्यांदा लालासाहेब आले, मोटारीतून. ते एकदम तिच्या पायाशी वाकले. त्यांचं काही पडलं असेल म्हणून तीही वाकून शोधू लागली.

"आई, मला निवडून येऊ द्या. म्हैन्यात पोरगं दारात."

गेल्या निवडणुकीत याच लालासाहेबांनी ओढ्यावर पूल कबूल केला होता. तात्याबा हळूच म्हणाला, "वैनी, पोरगं पुलावरनं येनार आसंल."

मग हंबीररावांचा माणूस आला. त्यानं ओटीला खण-नारळ आणला होता. विधवेची ओटी भरायची नसते हे त्याला अंगणात आल्यावर कळलं. बनुबाईनं खण परत दिला, नारळ ठेवून घेतला.

"आमी इंग्रजालाच घालवतो," तो म्हणाला. "मंग फौज कुटली? समदी पोरं आपसूक घरी."

"आन आगबोटी कुनाच्या?"

"इंग्रजाच्या."

"त्यो गेला तर माजा ल्योक समुद्रातनं चालत येनार व्हय?"

माणूस वर विचारून सांगतो म्हणाला आणि पुन्हा आला नाही.

तिसरे साताऱ्याचे वकील. त्यांनी आश्वासन दिलं नाही. मान हलवत, वहीत लिहीत सगळं ऐकून घेतलं. बनुबाईला हा माणूस पटला. पण तात्याबानं मागून डोकावून पाहिलं, तर वकिलांनी वहीत तिच्या शेळीचं चित्र काढलं होतं. तात्याबाच्या मते चित्र बरं होतं.

मतदानाच्या दिवशी पाटलानं गाडी जुंपली. बैलांच्या शिंगांना रिबिनी, पुढं हलगी. वाडीतली पहिली मतदार बाई लोणंदच्या शाळेकडं निघाली. बायका वेशीपर्यंत आल्या. शालूबाई आल्या नाहीत.

बनुबाईचं मात्र अजून काही ठरत नव्हतं.

"भावजी, तिघंबी खोटं बोलत्यात."

"बोलत्यात की. त्यातलं त्यातलं बरं खोटं बघायचं."

"आन एकबी पटलं न्हाई तर?"

"तर फुडच्या खेपंची वाट बघायची. आमी तेच करतोय."

"तुमाला काय हुतंय वाट बघाया," बनुबाई म्हणाली. "माज्या पोराचं लगीन ऱ्हायलंय."

शाळेत बायकांच्या बाजूला ती एकटीच होती. टेबलामागं एक कारकून जाडजूड नोंदवही उघडून बसला होता. बनुबाईला वाटलं, सरकार म्हणतात ते हेच. तिनं पदर सारखा केला.

"सायेब, कुनाला द्यायचं त्ये न्हाई इचारत. त्ये कुनालाच ठावं न्हाई. पन मला का म्हून दिलंय, तेवढं सांगा. समद्या गावाला कोडं पडलंय."

कारकुनानं नाव विचारलं, पान उलटलं आणि ओळीवर बोट ठेवलं. सकाळपासून तो हेच करत होता. मान वर न करता त्यानं वाचलं.

"बनुबाई नाथाजी ननावरे. वय पन्नास. पात्रता: लढाईत मयत झालेला शिपाई अर्जुना नाथाजी याची आई, पेन्शन मंजूर. अंगठा इथं करा."