मॅरेनचे अकरा मासे

मॅरेनला नोकरीत कायम करायचं की नाही, हे एका कामावर ठरणार होतं. सिएटलजवळच्या एका ओढ्यात मासे आहेत का, ते तिला पाहायचं होतं. मासे नसतील तर बिल्डरला अगदी काठाला लागून गोदाम बांधता येणार होतं, आणि तिच्या कंपनीची फीही तोच बिल्डर देत होता.

एप्रिलच्या गार पाण्यात, छातीपर्यंतचा रबरी पोशाख घालून मॅरेन चार तास उभी राहिली. सॅमन माशांची बोटाएवढी अकरा पिल्लं मोजली आणि परत पाण्यात सोडून दिली.

"अकरा?" तिचा साहेब ग्रँट कपाळाला हात लावून म्हणाला. "अगं, शोधून ये म्हटलं होतं, सापडवून ये नव्हतं म्हटलं!"

"मासे आहेत तिथे, ग्रँट. मी खोटं लिहिणार नाही. काढायचं तर काढून टाक मला."

"वेडी की काय तू? इतकी बारीक नजर कुणी सोडतं का? आजपासून तू कायम. आणि खोटं आपल्याकडे कुणीच लिहीत नाही. त्या ओढ्याची आणखी एक पाहणी करू, तीही तूच करायची. जे दिसेल तेच लिही. अहवालाला आपण सगळ्यात ताजी पाहणी जोडतो."

मॅरेनला भरून आलं. असा साहेब मिळायला नशीब लागतं.



ऑगस्टअखेर, तिकडचा बिनपावसाचा उन्हाळा सरता सरता, ठणठणीत कोरड्या ओढ्याच्या मधोमध उभं राहून तिने अगदी खरं तेच लिहिलं: "एकही मासा आढळला नाही."